अमेरिकेतल्या राज्याच्या टॅक्स रिटर्नची प्रमाणित प्रत : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

कंपनीच्या कामासाठी काही महिने कॅलिफोर्नियात किंवा न्यू जर्सीत राहून आलेले, किंवा तिकडच्या घराचे भाडे अजून घेणारे ग्राहक आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या फाइलमध्ये बहुधा दोन कागद असतात: डब्ल्यू-२ (मालकाने दिलेला पगार आणि कापलेल्या कराचा वार्षिक दाखला) आणि फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे भरलेले, रिटर्न. राज्याला भरलेल्या कराचा धड पुरावा नसतो. भारतात त्या कराची जमा मागायची, म्हणजे तिकडे भरलेला कर इथल्या करातून वजा करून घ्यायची, वेळ आली की नेमके तिथेच अडते, आणि हक्काचे पैसे सोडून द्यावे लागतात. तसे होऊ नये म्हणून हे पत्रक.

आधी पाहा, तुम्हाला ही प्रत लागते का

टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन अशा राज्यांत पगारावर राज्याचा आयकरच नाही. तिथे फक्त नोकरी केली असेल, तर राज्याचे रिटर्न शोधत बसू नका. अनेक वर्षे तिकडे राहून कायमचे परतलेल्यांना पहिली एक-दोन वर्षे बहुधा ‘रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नाही’ असा दर्जा मिळतो. त्या काळात तिकडचा पगार किंवा घरभाडे तिकडेच जमा होत असेल, तर त्यावर सहसा भारतात कर लागत नाही. मग जमा मागण्याचा प्रश्नही उरत नाही. या कागदाची खरी गरज पडते ती भारतात पूर्ण रहिवासी ठरलेल्यांना. उदाहरणार्थ, सात-आठ महिन्यांचे डेप्युटेशन दोन आर्थिक वर्षांत विभागले गेले आणि दोन्ही वर्षांत भारतातले दिवस १८२ किंवा अधिक भरले, तर तो पगार भारतातल्या रिटर्नमध्ये दाखवावाच लागतो.

राज्याच्या कराची जमा मिळते का?

एकाच उत्पन्नावर दोनदा कर लागू नये म्हणून झालेल्या भारत-अमेरिका करारात फेडरल आयकराचा उल्लेख आहे, राज्यांच्या कराचा नाही. त्यामुळे ‘राज्याचा कर विसरा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. आम्हाला तो पटत नाही. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ९१ खाली राज्याच्या कराचीही जमा मिळू शकते, असे मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने टाटा सन्सच्या प्रकरणात आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये विप्रोच्या प्रकरणात मानले आहे. तरीही करनिर्धारण अधिकारी हरकत घेऊ शकतात, म्हणून राज्याचे कागद भक्कम हवेत.

डब्ल्यू-२ का पुरत नाही

डब्ल्यू-२ च्या १७ व्या रकान्यात राज्यासाठी कापलेला कर दिसतो. कापलेला कर म्हणजे अंतिम कर नव्हे. रिटर्न भरल्यावर परतावा मिळाला असेल, तर जमा तेवढ्याने कमी होते. अंतिम आकडा राज्याच्या रिटर्नमध्येच सापडतो: अनिवासींसाठी कॅलिफोर्नियात ५४० एनआर, न्यू यॉर्कमध्ये आयटी-२०३, न्यू जर्सीत एनजे-१०४० एनआर. शिवाय अमेरिकेचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपले एप्रिल ते मार्च. म्हणून भारतातल्या एका वर्षासाठी तिकडच्या दोन वर्षांची रिटर्न्स लागू शकतात. लोक एकच घेऊन येतात आणि पुन्हा तेवढीच वाट पाहावी लागते.

कोणता कागद किती चालतो

सॉफ्टवेअरमधून उतरवलेली पीडीएफ म्हणजे तुम्ही काय तयार केले याचा पुरावा. ती दाखल झाली याचा नव्हे. ई-फाइल स्वीकारल्याची पोच तिच्यासोबत हवी. कर खात्यात काय नोंदले गेले ते ट्रान्स्क्रिप्ट दाखवते. सर्वांत वजनदार प्रमाणित प्रत: ही आमच्या दप्तरातल्या मूळ रिटर्नची खरी प्रत आहे, असे खात्याच्या अधिकाऱ्याने लिहून दिलेली.

नोटरीचा शिक्का हा तिला पर्याय नाही. रिटर्न खात्यात खरोखर दाखल झाले का, हे नोटरीला माहीत नसते.

१९६१ च्या कायद्याखालच्या वर्षांसाठी नियम १२८ खाली फॉर्म ६७ (परदेशात भरलेल्या कराची जमा मागण्याचा अर्ज) भरताना तुमच्या सहीचे विवरण आणि कर भरल्याचा पुरावा चालतो. म्हणजे प्रत्येकाने पहिल्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी धावायची गरज नाही. छाननीची नोटीस आली, अपील करायचे असले किंवा कोर्टाने कागद मागितला, तर मात्र ती हवीच. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे, तेव्हा कोणत्या वर्षाचे काम आहे ते आम्हाला आधी सांगा.

कुठे मागायची

राज्याचे रिटर्न राज्याच्या खात्याकडेच मिळते. आयआरएसचा (अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याचा) फॉर्म ४५०६ भरून फक्त फेडरल रिटर्नची प्रत येते. कॅलिफोर्नियात हे काम फ्रँचाइज टॅक्स बोर्डाकडे आहे. तिथला अर्ज एफटीबी ३५१६, शुल्क दर करवर्षाला २० डॉलर. ‘प्रमाणित प्रत हवी’ हे अर्जासोबत स्पष्ट लिहा, नाहीतर साधी झेरॉक्स येऊ शकते. नुसती माहिती हवी असेल तर आधी बोर्डाच्या ‘मायएफटीबी’ खात्यात पाहा. न्यू यॉर्कचा अर्ज डीटीएफ-५०५ आहे. खात्याकडचा जुना पत्ता आधी बदलून घ्या, कारण टपाल सोडून आलेल्या अपार्टमेंटवर गेले तर महिने वाया जातात.

अपॉस्टिल

अपॉस्टिल म्हणजे एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणून त्यावर लावलेले प्रमाणपत्र. भारत आणि अमेरिका दोघेही हेग अपॉस्टिल करारात आहेत, त्यामुळे वकिलातीच्या शिक्क्याची गरज पडत नाही. ज्या कार्यालयाला कागद द्यायचा आहे त्याने मागितले तरच अपॉस्टिल करा. राज्याच्या कागदावर त्याच राज्यातून ते होते: कॅलिफोर्नियात सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून, न्यू जर्सीत ट्रेझरी खात्याकडून. आयआरएसच्या कागदासाठी मात्र वॉशिंग्टन डीसीतल्या परराष्ट्र खात्याकडे जावे लागते. ही दोन पाकिटे कधीही एकत्र पाठवू नका.

आमच्याकडे येताना

दोन्ही करवर्षांचे डब्ल्यू-२, रिटर्नची असेल ती प्रत, परताव्याची बँक नोंद आणि पासपोर्टवरच्या ये-जा शिक्क्यांच्या प्रती आणा. अर्जावर सही तुम्हीच करायची. तुमच्या वतीने आम्ही खात्याशी बोलावे असे वाटत असेल, तर त्या राज्याचे मुखत्यारपत्र वेगळे द्यावे लागते. तुमच्या ऑनलाइन खात्याचा पासवर्ड आम्हाला देऊ नका, आम्ही तो कधी मागत नाही.