डब्बा बंद केला तर पिंपल्स जातील का?

माझा भाचा अमळनेरला पोलीस भरतीची तयारी करतोय, सकाळी १६०० मीटरची रनिंग, गोळाफेक, संध्याकाळी जिम. दिवाळीला घरी आला तेव्हा कपाळ, गाल आणि सगळी पाठ पिंपल्सनी भरलेली. आई म्हणे उष्णता झाली, ताई म्हणे शेवभाजी बंद कर, आणि तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मामा, डब्ब्यामुळे तर नाही ना?" डब्बा म्हणजे व्हे प्रोटीनचा, रोज दोन स्कूप.

पोराची शंका अगदीच चुकीची नव्हती.

व्हे म्हणजे काय तर दूध फाडल्यावर जे पिवळसर पाणी सुटतं ना, त्यातलं प्रोटीन. दुधातल्या प्रोटीनमध्ये साधारण ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे असतं. एक लिटर गाईच्या दुधात व्हे जेमतेम सहा-साडेसहा ग्रॅम, आणि एका स्कूपमध्ये प्रोटीन असतं साधारण २४ ग्रॅम, म्हणजे एका ग्लासात जवळपास चार लिटर दुधाचं व्हे पोटात गेलं. भाच्याचे दोन स्कूप म्हणजे रोजचं आठ लिटर. एवढं दूध तर खान्देशातला कुठला पैलवानही पीत नसेल.

आता व्हेमुळे शरीरात इन्सुलिन झटक्यात वाढतं, आणि दूध आणि व्हेने आयजीएफ-१ नावाचा वाढीचा हार्मोनही वाढतो. मसल बनायला हे चांगलंच, पण हाच निरोप त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथींनाही जातो. तेल जास्त सुटतं, रंध्राच्या तोंडाशी पेशी जास्त साचतात, तोंड बंद होतं, आत बॅक्टेरिया वाढतात आणि सूज येते. वयात आलेल्या पोरांमध्ये टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनमुळे या ग्रंथी आधीच जोरात चालू असतात, त्यात ही भर.

पुरावा किती पक्का म्हणाल तर अजून मधलाच आहे. २०१२ मध्ये बेल्जियम आणि अमेरिकेतल्या स्किनच्या डॉक्टरांनी वेगवेगळे, पाच-पाच पोरांचे केस छापले, व्हे सुरू केल्यावर पिंपल्स आलेले, अमेरिकेतल्या पोरांना औषधांनी नीट फरक पडेना आणि पावडर बंद केल्यावर बहुतेकांचे गेले. २०१३ मध्ये ब्राझीलमध्ये सप्लिमेंट घेणाऱ्या ३० जणांना दोन महिने तपासलं, त्यांच्यातही पिंपल्स वाढले. पण हे आकडे लहान आहेत, आणि जिमला जाणाऱ्याचा घाम, घट्ट टीशर्ट, बेंचवर पाठ घासणं, हे सगळं सोबतच येतं. आणि आपल्याकडे मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, तिथे घामाचा टीशर्ट दिवसभर अंगात ठेवणं पाठीला परवडत नाही. म्हणून व्हे घेणाऱ्या प्रत्येकाला पिंपल्स येतीलच असं नाही, पण ज्याची त्वचा आधीच तेलकट आहे आणि घरात आईवडिलांना पिंपल्स होते, त्याने सांभाळून राहावं असं माझं स्पष्ट मत आहे.

भाच्याचा शेक पण बघितला मी. दोन स्कूप, अर्धा लिटर दूध, तीन रावेरची केळी आणि वरून साखर! केळी वाईट नाहीत हो, पण साखर आणि दूध मिळून इन्सुलिन अजून वर जातं. ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या ४३ पोरांवर १२ आठवडे प्रयोग झाला होता, साखर आणि मैदा कमी असलेलं जेवण घेणाऱ्यांचे पिंपल्स जास्त कमी झाले. ताईने शेवभाजीला दोष दिला, पण मिरची-मसाल्याने पिंपल्स येतात याचा पक्का पुरावा नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला त्या डब्ब्याचीच वाटली, कारण तो बिलाशिवाय, ओळखीतून स्वस्तात आणलेला. २००४ च्या एका तपासणीत १३ देशांतून घेतलेल्या ६३४ सप्लिमेंटपैकी ९४ मध्ये लेबलवर न लिहिलेले टेस्टोस्टेरॉनसारखे हार्मोन सापडले होते, म्हणजे जवळपास १५ टक्के. छाती, खांदे, पाठीवर एकसारखे लाल दाणे अचानक उठले तर डॉक्टरला डब्बा दाखवाच. आणि मेडिकलमधून गोरं करणारी मिक्स क्रीम आणून लावू नका, त्यात स्टेरॉइड असतं, आठ दिवस बरं वाटतं आणि नंतर चेहरा अजून बिघडतो.

मग भाच्याला एवढंच सांगितलं की व्हे दोन-अडीच महिने पूर्ण बंद ठेव, कारण एक पिंपल आत तयार व्हायलाच कित्येक आठवडे लागतात, आठवड्यात काही कळत नाही. दर पंधरा दिवसांनी त्याच उजेडात पाठीचा फोटो काढ. प्रोटीन कमी पडेल म्हणून घाबरला होता तो, पण वजन त्याचं ६० किलो, साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतं, व्यायाम करणाऱ्याला दीड ग्रॅमच्या आसपास धरा, म्हणजे ९० ग्रॅम. चार अंडी, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, तुरीची घट्ट डाळ, मूठभर शेंगदाणे, सोयाबीन वड्या, फुनके (वाटलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके), एवढ्यात बरंच निघतं. ताईने त्याच दिवशी कळण्याचं दळण टाकलं.