जर्मन एका मताने हरली, ही दंतकथाच

"एक मत कमी पडलं, नाहीतर अमेरिकेची राजभाषा जर्मन झाली असती." हा किस्सा आजही खरा मानून सांगितला जातो. पण असा प्रस्ताव अमेरिकी काँग्रेससमोर कधी आलाच नाही.

व्हर्जिनियातल्या जर्मन रहिवाशांनी 1794 मध्ये अर्ज केला होता, तो संघराज्याचे कायदे जर्मनमध्येही छापावेत म्हणून. इंग्रजी हटवा, असं त्यात कुठेही नव्हतं. जो कायदा पाळायचा तो वाचता तरी यावा, ही मागणी मला आजही रास्त वाटते. 13 जानेवारी 1795 रोजी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात 42 विरुद्ध 41 असं मतदान झालं खरं, पण ते हा विषय पुढे पुन्हा चर्चेला घ्यावा का, एवढ्यापुरतंच. तेही फेटाळलं गेलं.

स्वतः जर्मन वंशाचे असूनही त्यांच्याच मतामुळे जर्मन हरली, असं म्हणत दंतकथा सगळा दोष प्रतिनिधिगृहाचे सभापती फ्रेडरिक म्यूलेनबर्ग यांच्या माथी मारते. वास्तविक कोणी कुठे मत दिलं याची नावानिशी नोंदच नाही. शिवाय 1790 च्या सुमारास जर्मन वंशाचे लोक गोऱ्या लोकसंख्येच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतके होते. इंग्रजीला राजभाषा ठरवणारा कायदासुद्धा काँग्रेसने केलेला नाही. 2025 मध्ये इंग्रजीला राजभाषा ठरवणारा आदेश निघाला, पण तो राष्ट्राध्यक्षांचा आहे.