ओपीएल चिपचे संगीत-फाइल फॉरमॅट

डॉस या जुन्या पीसी-प्रणालीच्या काळात ॲडलिब (१९८७) आणि साउंड ब्लास्टर (१९८९) या साउंड कार्डांवर यामाहाची वायएम३८१२ ऊर्फ ओपीएल२ ही चिप असे. खेळांचे संगीत तिच्याकडून वाजवून घेण्यासाठी जे फाइल फॉरमॅट वापरात होते, त्यांची ही नोंद. या फायलींत ध्वनिमुद्रण नसते, चिपला द्यायच्या सूचना असतात. त्यामुळे अख्खी रचना काही किलोबाइटांत मावते. मात्र वाद्यांची घडण आणि वाजवण्याचा वेग फाइलमध्येच आहे की खेळाच्या प्रोग्रॅममध्ये, हे फॉरमॅटनुसार बदलते. जुनी फाइल आज बिघडून वाजते ती बहुधा एवढ्याच कारणाने.

ओपीएल२ मध्ये दोन-दोन ऑपरेटरांची (तरंग निर्माण करणाऱ्या घटकांची) ९ चॅनेल, म्हणजे एकाच वेळी वाजू शकणारे स्वतंत्र आवाज, असतात. तालवाद्यांची सोय चालू केली, तर ६ चॅनेल सुरांसाठी राहतात आणि ५ तालवाद्ये मिळतात. हेक्स (सोळा-आधारी) ३८८ या पोर्टवर, म्हणजे चिपशी बोलण्याच्या पत्त्यावर, रजिस्टरचा (चिपमधल्या सेटिंगच्या कप्प्याचा) क्रमांक लिहायचा आणि ३८९ वर त्याची किंमत. चिप संथ आहे: क्रमांकानंतर ३.३ आणि किमतीनंतर २३ मायक्रोसेकंद थांबावे लागते, नाहीतर पुढचा हुकूम गळतो.

इड सॉफ्टवेअर या खेळ बनवणाऱ्या कंपनीचा आयएमएफ हा सर्वांत उघडावाघडा फॉरमॅट. प्रत्येक नोंद ४ बाइटांची: रजिस्टर, किंमत, आणि पुढच्या नोंदीपर्यंतचा विराम २ बाइटांत, लहान बाइट आधी. ४४० हर्ट्झचा सूर चॅनेल १ वर (मोजणी ० पासून) अर्धा सेकंद वाजवायचा, तर दशमान आकड्यांत (१६१, ६८, ०, ०), (१७७, ५०, २४, १) आणि सूर सोडण्यासाठी (१७७, १८, ०, ०). येथे विराम २४ + २५६ = २८० टिकांचा (टिक म्हणजे वेळ मोजण्याचा एक ठोका) आहे; सेकंदाला ५६० टिका धरल्या, तरच तो अर्धा सेकंद होतो. हा आकडा फाइलमध्ये कुठेही लिहिलेला नसतो. कमांडर कीन या खेळाच्या फायली ५६० ने वाजतात, वुल्फेनस्टाइन ३डी या खेळाच्या ७०० ने. कीनची फाइल ७०० ने वाजवली, तर ती सव्वापट वेगाने धावते, पण सूर चढत नाही. म्हणून सूर नीट लागला एवढ्यावरून वेगही बरोबर आहे असे समजू नये.

आयएमएफचे दोन प्रकार आहेत. एकात आरंभीचे २ बाइट माहितीची लांबी सांगतात, दुसऱ्यात थेट नोंदी सुरू होतात. पहिले २ बाइट शून्य असतील, तर तो दुसरा प्रकार. ही तपासणी चुकली की सगळ्या नोंदी दोन बाइटांनी सरकतात आणि नुसता गोंगाट ऐकू येतो.

ॲडलिबच्या आरओएलमध्ये वाद्यांची फक्त नावे असतात. त्यांची घडण बीएनके या वेगळ्या फाइलमध्ये. जोडीची बीएनके हरवली, तर सुरावट राहते आणि वाद्ये जातात. साउंड ब्लास्टर बनवणाऱ्या क्रिएटिव्हच्या सीएमएफने ही अडचण नेमकी ओळखली: वाद्ये प्रत्येकी १६ बाइटांत फाइलमध्येच, सेकंदाच्या टिका शीर्षभागात, आणि सूर मिडीसारख्या (सूर कधी सुरू-बंद करायचा हे सांगणाऱ्या प्रमाण पद्धतीसारख्या) घटनांत. जतन करण्याच्या दृष्टीने त्या पिढीतला हा सर्वांत शहाणा फॉरमॅट होय. डूम या खेळाचा (१९९३) एमयूएसदेखील मिडीच्या वळणाचा आहे, पण सेकंदाला १४० टिकांचा वेग गृहीत धरलेला आणि ओपीएलची १७५ वाद्ये खेळाच्या जेनमिडी या स्वतंत्र भागात. तो भाग न घेता फाइल मिडीत बदलली, तर ओपीएलचा मूळ नाद हाती लागत नाही.

डीआरओ ही डॉसबॉक्सने (आजच्या संगणकावर डॉसचे खेळ चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) खेळ चालू असताना टिपलेली रजिस्टरांची नोंद आहे. वेग आणि वाद्ये दोन्ही तिच्यात येतात. संगीत कुठून पुन्हा सुरू व्हायचे, ते मात्र येत नाही.

वाजवण्यापूर्वी सर्व रजिस्टरे शून्य करून रजिस्टर १ मध्ये ३२ लिहावे. खेळ हे स्वतः करत, म्हणून आयएमएफमध्ये ते असेलच असे नाही. ते राहिले, तर ओपीएल२ चारही तरंगाकारांऐवजी (लाटेच्या आकारांऐवजी) फक्त साइन तरंग देते आणि वाद्ये बोथट लागतात. ओपीएल३ ही पुढची चिप तिच्या नव्या मोडमध्ये असेल, तर १९२ ते २०० या रजिस्टरांच्या किमतींत ४८ मिळवावे. त्यात डाव्या-उजव्या बाजूचे बिट असतात आणि ते बंद राहिले, तर कार्डातून काहीच ऐकू येत नाही.