क्रीडाविज्ञान (विद्यापीठीय अभ्यासशाखा)

व्यायाम करताना किंवा खेळताना माणसाच्या शरीरात आणि मनात काय घडते, ते मोजून समजून घेणारी विद्यापीठीय अभ्यासशाखा. ब्रिटनमध्ये तिला बहुधा ‘स्पोर्ट अँड एक्सरसाइज सायन्स’ म्हणतात, तर अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत ‘किनेसिऑलॉजी’. मराठीत क्रीडाविज्ञान, क्रीडाशास्त्र, व्यायामशास्त्र हे शब्द सरमिसळ वापरले जातात आणि त्यामुळे एक गैरसमज मूळ धरून बसला आहे: दिवसभर मैदानावर राहायचे आणि वर पदवी मिळवायची. प्रत्यक्षात पहिल्या वर्षाचा मोठा भाग हाडे-स्नायूंची नावे, पेशीतली ऊर्जानिर्मिती, बल आणि तरफांचे गणित व संख्याशास्त्र यांत जातो. जिल्हास्तरावर खेळलेल्या कित्येकांची पहिली गाठ पडते ती जीवरसायनशास्त्राशी.

या शाखेचा जन्म मैदानावर झालेला नाही. डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग यांना केशवाहिन्यांवरील संशोधनासाठी 1920चे, तर ब्रिटनचे आर्किबाल्ड हिल यांना स्नायूंतील उष्णतेच्या अभ्यासासाठी 1922चे नोबेल पारितोषिक मिळाले. दोघेही शरीरक्रियावैज्ञानिक. हिल स्वतः धावणारे होते; पाठीवर पिशवी बांधून पळायचे आणि सोडलेला श्वास त्या पिशवीत जमा करून तपासायचा, हा त्यांच्या प्रयोगांचा खाक्या. पुढे 1927 ते 1947 या काळात हार्वर्डच्या बिझनेस स्कूलच्या तळघरात थकव्याचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा चालली. दुसरीकडे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणाऱ्या संस्था होत्या. पेर हेन्रिक लिंग यांनी स्टॉकहोममध्ये 1813 साली काढलेली संस्था त्यांतली एक जुनी. हे दोन प्रवाह एकत्र यायला वेळ लागला. शारीरिक शिक्षण ही स्वतंत्र ज्ञानशाखा व्हायला हवी, अशी मांडणी कॅलिफोर्नियातील फ्रँकलिन हेन्री यांनी 1964 साली केली. 1968चे ऑलिंपिक 2,240 मीटर उंचीवरच्या मेक्सिको शहरात भरले, तेव्हा विरळ हवेत खेळाडूंचे काय होईल या चिंतेने प्रयोगशाळांना काम मिळाले. लिव्हरपूलमधील पॉलिटेक्निकने 1975 साली क्रीडाविज्ञानाची पदवी सुरू केली. ऑस्ट्रेलियाला 1976च्या माँट्रियल ऑलिंपिकमधून एकही सुवर्णपदक आणता आले नाही. त्या नाचक्कीतून 1981 साली कॅनबेराची राष्ट्रीय क्रीडासंस्था उभी राहिली. सरकारची थैली बहुधा असा मानभंग झाल्यावरच सुटते.

शिक्षणाचा खरा गाभा म्हणजे प्रात्यक्षिके. येथे बेडूक किंवा उंदीर लागत नाही, वर्गातलाच कोणीतरी पुढे होतो. आधी आरोग्याची प्रश्नावली, मग संमतिपत्रावर सही. ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणजे शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते ते मोजताना तोंडावर मुखवटा चढतो आणि ट्रेडमिलचा वेग किंवा चढ दर काही मिनिटांनी वाढत जातो. स्वस्थ बसलेल्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला सुमारे 3.5 मिलिलिटर प्राणवायू लागतो. सराव नसलेला तरुण 40 मिलिलिटरच्या आसपास थांबतो, तर लांब पल्ल्याचे अव्वल धावपटू 70च्या पुढे जातात. आकड्यासोबत विद्यार्थी हेही शिकतो की ‘आता बस्स’ म्हणणारा नेहमी खरोखर थकलेला असतोच असे नाही. त्यासाठी स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांची 6 ते 20 अंकांची श्रमपट्टी वापरतात: किती श्रम वाटतात ते माणूस अंकात सांगतो, त्या अंकाला दहाने गुणले की नाडीचा ढोबळ अंदाज येतो.

याहून बदनाम चाचणी इस्राएलमधील विंगेट संस्थेच्या नावाने ओळखली जाते. सायकलीवर वजनाच्या दर किलोमागे साधारण 75 ग्रॅम भार लावायचा, म्हणजे 60 किलोच्या मुलाला 4.5 किलो, आणि 30 सेकंद जीव तोडून पेडल मारायचे. बादली शेजारी ठेवलेली बरी. कबड्डीत चढाईला 30 सेकंदच मिळतात. मात्र चढाईपटू तेवढा वेळ सलग जोर लावत नाही, तो हुलकावण्या देतो, थबकतो, एकदम झेपावतो. मग विंगेटचा आकडा त्याच्याबद्दल कितपत सांगेल? असा प्रश्न विचारता येऊ लागला की अभ्यास मार्गी लागला असे समजावे.

पाठ केलेले सोडून देणे हाही या शिक्षणाचा भाग आहे. ‘220 वजा वय’ हे कमाल नाडीचे सूत्र व्यायामशाळेच्या भिंतीवर आढळते, पण त्यात माणसागणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. 2001 साली सुचवलेल्या ‘208 वजा वयाच्या 0.7 पट’ या सूत्राने साठीच्या माणसाची कमाल नाडी 160 ऐवजी 166 येते. लॅक्टिक आम्ल साचले म्हणून पाय दुखतात, ही समजूतही अशीच. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉर्ज ब्रुक्स यांच्या कामानंतर लॅक्टेटकडे, म्हणजे या आम्लाच्या शरीरातल्या रूपाकडे, टाकाऊ पदार्थ म्हणून न पाहता, स्नायू आणि हृदय वापरतात ते इंधन म्हणून पाहिले जाते. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा संबंध स्नायुतंतूंच्या सूक्ष्म इजेशी जोडतात. दहा-बारा पुरुष विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष सरसकट स्त्रियांना लावण्याची खोड या शाखेला दीर्घकाळ होती, अजून पुरती गेलेली नाही.

भारतात हा विषय शारीरिक शिक्षणाच्या घरातच वाढला. चेन्नईचे वायएमसीए महाविद्यालय 1920चे. ग्वाल्हेरचे लक्ष्मीबाई महाविद्यालय 1857च्या उठावाच्या शताब्दीनिमित्त, राणीने जेथे देह ठेवला त्याच गावात, 1957 साली निघाले. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडासंस्था 1961ची. तिचा भर प्रशिक्षक घडवण्यावर. महाराष्ट्रात अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे आणि त्याचे पथक 1936 साली बर्लिनला देशी खेळांची प्रात्यक्षिके करून आले. मोजमापाची परंपराही येथे अगदीच परकी नाही. हिल पिशवी बांधून पळत होते त्याच सुमारास बडोद्यात योगाचे अभ्यासक स्वामी कुवलयानंद नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची योगक्रिया, करताना पोटातला दाब मोजत होते. तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला, तेव्हा त्यांनी त्या निर्वाताला आपल्या गुरूंचे, माधवदासांचे, नाव दिले. 1924 साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले.

प्रवेश घेणाऱ्याने पदव्यांतला फरक आधी पाहावा. बी.पी.एड. ही शिक्षक होण्याची पदवी आहे आणि ती राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमांत येते. फिजिओथेरपी ही वेगळी वैद्यकीय वाट. प्रशिक्षकाची पदविका आणखी निराळी. क्रीडाविज्ञानाचा पदवीधर यांपैकी काहीच आपोआप होत नाही. तो संघासोबत शक्तिवर्धनाचे किंवा सामन्यांच्या विश्लेषणाचे काम करू शकतो, पण अशा जागा थोड्या. परदेशांत यांतले बरेच जण हृदयविकार, मधुमेह आणि फुप्फुसांच्या रुग्णांसोबत काम करतात. तेथे दर वेळी मुखवटा किंवा ट्रेडमिल लागतेच असे नाही. रुग्णालयाच्या 30 मीटरच्या सपाट बोळात रुग्ण सहा मिनिटे येरझारा घालतो आणि किती मीटर चालला ते लिहून ठेवतात.