ठिपका आणि निळी बाटली

माशाच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखं दिसलं की काय झालंय, हे टाकी ठेवणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. दुकानदारही ‘व्हाइट स्पॉट’ एवढंच म्हणून निळी बाटली काउंटरवर ठेवतो. घोळ आहे तो या नावात, आणि तो बराच जुना आहे.

चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळातही माशांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांची नोंद सापडते, असं मानतात. शास्त्रीय नाव मिळालं १८७६ मध्ये, फ्रान्समध्ये : इक्थियोप्थिरियस मल्टिफिलीस. अर्थ सरळ आहे, ‘खंडीभर पोरांची माशावरची ऊ’. ऊ वगैरे ती नाही. अंगभर सूक्ष्म केस असलेला एकपेशीय जीव आहे. पण ‘खंडीभर पोरं’ हा भाग अचूक होता, आणि उपचाराचं सगळं गणित त्या दोन शब्दांतच होतं. बोलीत मात्र त्यातलं ‘इक’ तेवढं उरलं, पोरं गळाली.

कारण आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे त्वचेच्या आत बसून माशावर पोसला जाणारा जीव. वरून कातडीचं पांघरूण असल्यामुळे पाण्यात टाकलेलं बहुतेक औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पोट भरलं की तो स्वतःहून गळून पडतो, खड्यांना किंवा पानांना चिकटतो, भोवती कवच करतो आणि आत विभागत राहतो. त्यातून शेकड्यांनी, कधी हजाराच्या घरात पिल्लं पोहत बाहेर येतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषध लागू पडतं ते प्रामुख्याने या पोहणाऱ्या पिल्लांना, आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणजे रोगाला नाव पडलं ते नेमकं ज्याला औषध शिवत नाही त्या अवस्थेचं. ‘ठिपके गेले’ म्हणून तिसऱ्या दिवशी डोस थांबवायचा आणि आठवड्याने दुप्पट ठिपके मोजायचे, हा घरोघरचा अनुभव त्यातूनच आलेला आहे.

हेच नाव इतरांनीही घेतलं. खाऱ्या पाण्याच्या टाकीतला ‘इक’ वेगळ्याच जिवाचा. दोघांचं नातं दूरचं, ठिपका तेवढा सारखा. १९९० च्या दशकात पूर्व आशियातून आपल्या किनाऱ्यांवर आलेला कोळंबीचा ‘व्हाइट स्पॉट’ तर विषाणू. त्यातले ठिपके कवचात साठलेल्या क्षारांचे. कोकणातल्या कोळंबी प्रकल्पावर हा शब्द उच्चारला तर समोरच्याच्या डोळ्यांपुढे अख्खं तळं बुडालेलं उभं राहतं, घरच्या टाकीतला मॉली मासा नव्हे. आणि नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर विणीच्या दिवसांत येणाऱ्या पांढऱ्या पुटकुळ्या? त्यांच्यावरही बाटल्या रिकाम्या झाल्या आहेत.

बाटलीतले रंग मुळात कापड रंगवणाऱ्यांचे. मिथिलीन ब्लू योगायोगाने १८७६ चाच. १८९१ मध्ये तो मलेरियाच्या रुग्णांवर वापरून पाहिला गेला. माशांवर जास्त कडक ठरला तो मॅलकाइट ग्रीन. १९३० च्या दशकात हॅचरीतल्या, म्हणजे मत्स्यबीज केंद्रातल्या, अंड्यांवरच्या बुरशीसाठी तो आला, आणि पुढे फॉर्मॅलिनसोबतची त्याची जोडी या रोगावरचा हुकमी उपाय बनली. पण तो माशाच्या मांसात दीर्घकाळ टिकून राहतो आणि माणसाला घातक ठरू शकतो, हे पुढे आल्यावर अमेरिका, युरोप आणि चीनने खाण्याच्या माशांसाठी तो बंद केला. शोभेच्या माशांसाठी तो उरला. शोभेचा मासा कोणी खात नाही, हा युक्तिवाद बरोबरच आहे. पण बिनमोज्याच्या हातांनी ती टाकी साफ करणाऱ्याचा विचार त्यात दिसत नाही. फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना मिथिलीन ब्लू मारतो, हेही लेबलवर ठळक कुठे असतं?

म्हणूनच गेल्या काही वर्षांत हौशी मंडळी हिटर आणि जाड्या मिठाकडे वळली. २५ अंशांच्या आसपास ठिपक्यापासून पिल्लापर्यंतचं चक्र काही दिवसांत उरकतं. थंड पाण्यात तेच आठवडे घेतं. पाणी ३० अंशांवर नेलं की या जिवाची वाढ अडते. मुंबईच्या मे महिन्यात हे फुकट होतं. पुण्या-नाशिकला डिसेंबरात रात्रीतून टाकी गार पडते आणि अशा गारठ्यात रोग डोकं वर काढतो, तिथे हिटरला पर्याय नाही. वाद आहे तो उष्णतेवर किती विसंबायचं याचा. या जिवाचे काही वाण जास्त तापमानातही तगतात. शिवाय कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि हा जीव कल्ल्यांनाही पोखरत असतो. म्हणून पारा चढवायचा तर एअर पंप आधी. मिठाचं प्रमाण साधारण लिटरमागे १ ते ३ ग्रॅम, पण क्लाउन लोच आणि मांजरमाशांच्या टाकीत खालच्या टोकापासून सुरुवात करावी. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही उपचार निदान आठवडाभर चालू ठेवतात, खड्यांवरच्या कवचांसाठी.