युद्धग्रस्त भागात शल्यसेवा : ग्रामीण विदर्भातील सर्जनांसाठी पात्रता आणि कागदपत्रे

१९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातले सोलापूरचे डॉ. कोटणीस सर्वांना ठाऊक असतात. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे मात्र विदर्भातही फारसे कोणी सांगत नाही. आज अशा सेवेसाठी जाऊ इच्छिणारा सर्जन बहुधा ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ किंवा आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती यांच्याकडे ऑनलाइन अर्ज करतो. मुलाखतीत निवड झाल्यावर नाव यादीत राहते आणि गरजेप्रमाणे काही आठवड्यांसाठी बोलावणे येते. प्रवासखर्च व विमा संस्थेकडे असतो.

पात्रतेसाठी शल्यचिकित्सेतील पदव्युत्तर पदवी, त्यानंतरचा स्वतंत्र कामाचा अनुभव आणि कामापुरती इंग्रजी आवश्यक असून फ्रेंच येत असल्यास फायदा होतो. सिझेरियन, उघडे फ्रॅक्चर, भाजलेला रुग्ण, पोटाची जखम हे सारे एकाच सर्जनला हाताळावे लागते. रक्तपेढी दूर, भूलतज्ज्ञ कॉलवर आणि टेबलावर बैलाने पोटात शिंग खुपसलेला शेतकरी, अशा रात्री धारणी किंवा अहेरीकडे काम केलेल्या सर्जनला हे नवीन नाही. अडचण येते ती या कामाची कागदावर नोंद नसल्याने. म्हणून शस्त्रक्रियागृहाच्या (ओटी) रजिस्टरवरून तारीख, शस्त्रक्रिया, भुलीचा प्रकार आणि आपण मुख्य सर्जन होतो की सहायक, एवढे उतरवून, रुग्णाचे नाव वगळून, लॉगबुक तयार करावे आणि त्यावर वैद्यकीय अधीक्षकांची सही व शिक्का घ्यावा. माझ्या मते सगळ्या कागदांत हाच सर्वांत मोलाचा आहे आणि तो बदली होण्यापूर्वीच करून घ्यावा, कारण नंतर जुने रजिस्टर शोधून देणारे कोणी भेटत नाही.

याशिवाय महाराष्ट्र वैद्यक परिषदेची चालू नोंदणी लागते. ती दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते आणि तीत पदव्युत्तर अर्हतेची स्वतंत्र नोंद आहे का, हे आधीच पाहावे. परिषदेचे सद्वर्तन प्रमाणपत्र, पुरेशी मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट आणि मागितल्यास पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र जोडावे. शासकीय सेवेत असल्यास रजा मंजुरी आणि परदेश प्रवासाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. त्या अर्जातच आपल्या गैरहजेरीत तालुक्यातील सिझेरियन कोण करणार, हे लिहावे; आपल्याकडच्या बायांना त्या काळात शंभर किलोमीटर नागपूरला पाठवावे लागू नये.

दक्षिण सुदानसारख्या देशासाठी पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. एकदा घेतलेल्या लसीचे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते.