कचरा येण्याआधीची मोजणी

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात कार्ल्सबाड गावाजवळ, जमिनीखाली 655 मीटरवर, मिठाच्या थरात ‘विप’ नावाचं भांडार आहे. अण्वस्त्रं बनवताना प्लुटोनियमने दूषित झालेले कपडे, हातमोजे, अवजारं तिथे कायमची पुरली जातात. पहिली खेप 26 मार्च 1999 रोजी आली. पण त्याच्या कितीतरी आधीच राज्यातल्या विद्यापीठाच्या स्थानिक केंद्राने तिथली हवा, माती आणि पाणी तपासायला सुरुवात केली होती.

कचराच नव्हता, तर मोजायचं काय? प्लुटोनियमच! अणुचाचण्यांची धूळ जगभर पसरलेली होतीच. शिवाय 1961 च्या डिसेंबरात, भांडारापासून दहा किलोमीटरच्या आत, ‘नोम’ हा भूमिगत अणुस्फोट झाला आणि किरणोत्सारी वाफ जमिनीवर निसटली. प्लुटोनियम-239 चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे 24,100 वर्षं. म्हणजे ते अजून त्या मातीत आहे. वसंतात वारा सुटला की धुळीबरोबर हवेतलं प्लुटोनियमही वाढतं. म्हणून एका दिवसाचा आकडा इथे कुचकामी. सगळ्या ऋतूंची नोंद हवी.

माणसंही मोजली, आणि मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. भांडार उघडण्याआधीच गावकरी स्वेच्छेने येऊन शोधकयंत्रांखाली झोपत. फुप्फुसांतला आणि शरीरातला किरणोत्सार मोजला जाई. आपल्या प्रत्येकाच्या अंगात नैसर्गिक किरणोत्सारी पोटॅशियम-40 असतंच. ते वगळून उरतं काय, हे आधी माहीत असावं लागतं.

14 फेब्रुवारी 2014 च्या रात्री भांडारातलं एक पिंप फुटलं. लॉस अलामोसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेत ते भरताना नायट्रेट क्षारांत सेंद्रिय शोषक मिसळला गेला होता आणि त्यांच्या अभिक्रियेने पिंप तापलं होतं. सुमारे एक किलोमीटरवरच्या हवागाळणीत अमेरिशियम (आणखी एक किरणोत्सारी मूलद्रव्य) आणि प्लुटोनियम सापडलं. जुनी धूळ की नवी गळती? जुन्या धुळीत अमेरिशियम प्लुटोनियमपेक्षा कमी असतं; या गाळणीत ते दहापटीहून जास्त होतं. वाद उरलाच नाही. काही आठवड्यांत हवा पूर्वपातळीला आली, हेही जुन्या नोंदींमुळेच ठामपणे सांगता आलं.

फिनलंडमध्ये ओल्किलुओतो बेटावर तर अणुकचऱ्याच्या भांडारासाठी 2004 मध्ये बोगदा खणायला घेण्याआधीच भूजलाची पातळी आणि खारटपणा नोंदवून ठेवला गेला. कारण नुसत्या खोदकामानेही पाणी बोगद्याकडे ओढलं जातं आणि खोलवरचं खारं पाणी वर सरकू शकतं.